टोपीचा होकार

१

प्यो गिलबोक हे सरकारी किताबाने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' होते. बुधवारी पावणेबाराला त्यांची मुलगी मिसुक औषध घेऊन खोलीत गेली, तेव्हा त्यातलं फक्त 'राष्ट्रीय ठेवा' एवढंच उरलं होतं.

मिसुकने फोडलेली किंकाळी बुकचोनच्या जुन्या वस्तीतल्या गल्लीत पार खालच्या वळणापर्यंत गेली. अंगणात कॅनडाहून आलेले बावीस निवृत्त शिक्षक भाड्याच्या रेशमी कपड्यांत एकमेकांचे फोटो काढत होते. किंकाळी कार्यक्रमातलीच असावी म्हणून तिघांनी फोन तिकडे वळवले.

गाईड नाम योरान स्वयंपाकघरात कप विसळत होती. ती धावत आली, मरणाच्या दारातही सवयीने चपला काढल्या आणि बांबूचा पडदा बाजूला सारला. म्हातारा लोडाला टेकून ताठ बसलेला होता. अंगावर पांढरा अंगरखा, डोक्यावर स्वतःच्या हाताने विणलेली घोड्याच्या केसांची, रुंद काठाची काळी टोपी. अशी टोपी चिमणीपेक्षा हलकी असते, आणि ती विणू शकणारे प्यो हे त्यांच्या परंपरेतले शेवटचे. समोर योराननेच अकरा-दहाला ठेवलेला ट्रे. ट्रेमध्ये थंड झालेला चहा, आणि सोयाबीनच्या पिठात घोळवलेल्या तांदळाच्या चिकट वड्या.

मिसुकने सगळ्यात आधी वडिलांशेजारी फिरणाऱ्या पंख्याच्या पेकाटात लाथ घातली. पंखा बंद पडला.

"पंखा कोणी लावला इथे? बाबांच्या खोलीत पंखा?" मग तिचं लक्ष बशीकडे गेलं. "तीन. चार असतात ना गं? चौथी कुठाय?"

योरानने पुन्हा मोजल्या. त्या वड्या शोभेच्या असायच्या. पर्यटकांची बस पुढे जिथे नेतात त्या खरेदी केंद्राकडून रोज खोका यायचा, ती रोज चार वड्या म्हाताऱ्यापुढे ठेवायची, आणि चार वर्षं रोज चारच्या चार परत यायच्या.

"चिकट काही द्यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलंय. दारावर लावलंय! तुला सहा भाषा वाचता येतात ना? घशात वडी अडकून गेले माझे बाबा. तू मारलंस त्यांना!"

दारात उभी असलेली डोरोथीबाई, म्हणजे त्या शिक्षकांची पुढारी, कुजबुजली, "आम्ही दोनदा वाकलो त्यांच्यासमोर. माझे दोन्ही गुडघे नवे आहेत. आणि हा माणूस मेलाच."

पंधरा मिनिटांनी पोलीस आले. इन्स्पेक्टर मेंगनी बूट काढले, डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला, आणि तो अंगठा पुढे ठेवूनच त्यांनी हात पसरला.

"गाईडचं लायसन्स द्या, बाई. परत मिळेल की नाही ते संध्याकाळी सांगतो."

२

डॉक्टरने मृताच्या तोंडात बॅटरी मारली आणि मान हलवली. "घशात चिकट तांदूळ. श्वास कोंडला."

"कधी?" मेंगनी विचारलं.

"ते कसं सांगू? अंग गरम आहे, पण जमीनही गरम आहे. म्हातारबुवा जूनमध्येसुद्धा जमिनीखालची शेगडी चालू ठेवायचे. इथे बांगडा ठेवला तर तोही संध्याकाळपर्यंत ताजातवाना वाटेल."

"चिरून बघा मग."

"माझ्या बाबांना कोणी चिरणार नाही," मिसुक म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

वेळ ठरवून दिली ती वारसा खात्याच्या कारकुनाने. तो पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. कारागीर म्हातारा झाला की त्याने वारस नेमायचा, आणि ते त्याच्या तोंडून ऐकून यायचं, हे त्याचं काम.

"मी अकराला आलो, साहेब. पडद्यासमोर बसून विचारलं, 'क्वाक दोंगसू यांना आपण वारस नेमता का?' आजोबांनी मान डोलावली. चांगली ठसठशीत. मी लिहूनही टाकलं. हे बघा: 'मानेने संमती'."

"बोलले नाहीत?"

"एवढ्या थोर माणसाला दोनदा कसं विचारणार?"

म्हणजे अकराला म्हातारा जिवंत. अकरा-दहाला योरानचा ट्रे आत. पावणेबाराला म्हातारा मेलेला, आणि वडी एक कमी. शाळकरी पोराला सुटावं असं गणित होतं, आणि मेंगना सोप्या गणिताचा मनापासून आनंद होत असल्याचं दिसत होतं.

"तुम्ही ट्रे ठेवताना त्यांच्याकडे बघितलं?" त्यांनी योरानला विचारलं.

"मोठ्या माणसाच्या तोंडाकडे कोण बघतं, साहेब? मान खाली, दोन्ही हातांनी ट्रे पडद्याखालून सरकवला. मागे झाले."

"बरोबर आहे. संस्कारच नडले म्हणायचे."

कोपऱ्यात क्वाक दोंगसू गुडघे जुळवून बसला होता. छप्पन्न वर्षांचा. एकतीस वर्षं प्योंकडे शिकत होता. पहिली सात वर्षं त्याने नुसता बांबू तासला होता. अंगणात पर्यटकांना वाकून नमस्कार करायला शिकवणं हेही त्याच्याच वाट्याला. चार वर्षांत योरानने त्याला एकदाही आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. आवाज आहे की नाही, इथपर्यंत शंका यावी.

"पंखा तू लावलास?" मेंगनी विचारलं.

"हो. गुरुजी म्हणाले, उकडतंय."

"खोटं!" मिसुक उसळली. "बाबा पंख्याला घाबरायचे. बंद खोलीत पंखा लावला की माणूस मरतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे."

मेंग गंभीर झाले. "मरतो खरा. माझे थोरले काका…"

"काय झालं त्यांना?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही. नव्वद वर्षांचे आहेत. कधी लावलाच नाही."

एवढ्यात योरानचा फोन वाजला. टूर कंपनीच्या साहेबांचा आवाज खोलीतल्या सगळ्यांना, मयतासकट, ऐकू जाईल असा होता: "वाईट झालं. फार वाईट झालं. खरेदी केंद्राची वेळ साडेबाराची आहे. मेलेला माणूस कुठे जात नाही, नामबाई. बस जाते!"

३

बस निघाली. मेंग पहिल्या सीटवर बसले, कारण संशयित पहिल्या सीटवर बसते, आणि शिवाय तिथे एसी चांगला लागतो. योरानने माईक हातात घेतला आणि डाव्या बाजूच्या राजवाड्याबद्दल जे रोज सांगते ते सांगितलं. राजे किती, आगी किती, जपान्यांनी काय पाडलं. मग माईक बंद केला.

"किती वर्षं करताय?" मेंगनी विचारलं.

"चार. त्याआधी तीनदा परीक्षा दिली. दोनदा नापास. नवऱ्याने घर घेतलं, सासूने भांडी घेतली, मला हे एक कार्ड राहिलं, साहेब. माझ्या नावाचं एवढंच आहे."

"निष्काळजीपणाने मृत्यू म्हटलं की कार्ड कायमचं जातं."

"ठाऊक आहे. परीक्षेत तो प्रश्न होता."

"बरोबर आला होता?"

"त्याच वर्षी पास झाले."

मेंगनी एसीची झडप स्वतःकडे वळवली. मग म्हणाले, "त्या वड्या कोण पाठवतं?"

"मॅनेजर पेक. खरेदी केंद्राचे. त्यांना ते घर हवंय, चेहऱ्याच्या क्रीमचं दालन करायला. मिसुकताईला भाड्याने द्यायचंय. आजोबा म्हणायचे, मी मेल्यावर."

"म्हणजे मरणाने सोय झालेली माणसं पुष्कळ आहेत. आणि वडी ठेवणारी एकच."

खरेदी केंद्राच्या दारात मॅनेजर पेक हात चोळत उभे होते. मृत्यूची बातमी त्यांना कळली होती आणि त्यांनी दुःखाला साजेसा काळा टाय लावला होता. टायवर केंद्राची खूण होती.

"या, या! दुःखद प्रसंग आहे, पण लाल जिनसेंगवर आज सूट आहे!"

डोरोथीबाईने गटाकडे वळून भुवई उंचावली. ती भुवई चाळीस वर्षं वर्गापुढे उंचावलेली होती. बावीस जण ओळीत उभे राहिले. सकाळी शिकवलेलं दुपारी विसरणारी ही माणसं नव्हती. त्यांनी हात छातीसमोर जुळवले, गुडघे टेकले, कपाळ फरशीपर्यंत नेलं, उठले. आणि मॅनेजर पेक हसून आभार मानायला तोंड उघडतात तोच सगळे पुन्हा खाली गेले.

पेकच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते मागे सरकले आणि फेसपॅकच्या मांडणीवर आदळले.

"हे काय? थांबवा यांना! नामबाई, मी जिवंत आहे!"

४

योरानचं डोकं लख्ख झालं.

जिवंत माणसापुढे एकदा वाकतात. दोनदा वाकतात ते मेलेल्यापुढे. ही गोष्ट तिच्या देशात पोराला चालायच्या आधी कळते.

"डोरोथीबाई, हात दाखवा. नमस्काराला जुळवले होते तसेच. कॅरोल सर, तुम्हीपण."

कॅरोल सरांचा उजवा हात डाव्यावर होता, डोरोथीबाईचा डावा उजव्यावर.

"पुरुषांचा डावा हात वर असतो, बायकांचा उजवा," योरान मेंगना म्हणाली. "हे उलट आहे. मयताला जाताना ठेवतात तसं."

"गोरी माणसं आहेत, बाई. चुकणार."

"बावीसच्या बावीस? एकसारखी? ही मास्तर माणसं आहेत, साहेब. चुकली तर बावीस तऱ्हांनी चुकतील. ती चुकलेली नाहीत. दाखवलं तसं केलंय." तिने डोरोथीबाईकडे वळून विचारलं, "हे कोणी शिकवलं? किती वाजता?"

"त्या मूक गृहस्थांनी. पावणेअकराला. पडद्याकडे तोंड करून आधी स्वतः करून दाखवलं. फार सुंदर केलं. रडत होते. मला वाटलं, परंपरेचा अभिमान."

योरान त्या वेळी चहा करत होती. हा वर्ग तिने हजारदा ऐकला होता, आता कोण ऐकणार! मिसुक बाहेर विक्रीच्या टेबलामागे. कारकून यायचा होता. ते दोन नमस्कार ओळखू शकेल असा एकही माणूस तेव्हा अंगणात नव्हता.

"इतकी वर्षं जो माणूस हे शिकवतोय," ती म्हणाली, "तो चुकेल कसा? त्याला ठाऊक होतं पडद्यामागे काय आहे. तोंडाने लपवलं, पण गुरूच्या मयताला एकदाच वाकायला अंग तयार झालं नाही."

"आणि अकराला मान हलवली ती कोणी?"

"कोणाकडे व्हिडिओ आहे?"

बावीस जणांकडे होता. मेंगनी फेसपॅकच्या मांडणीला टेकून सगळ्यात स्पष्ट होता तो बघितला. पडद्याच्या फटींतून काळी टोपी दिसत होती. कारकून विचारतो: क्वाक यांना वारस नेमता का? टोपी पुढे झुकते, मागे येते. कारकून खोकतो. टोपी होकार देते. कोणीतरी विचारतं, स्वच्छतागृह कुठे आहे. टोपी होकार देते. मग कोणी काहीच बोलत नाही, तरी टोपी होकार देते.

"नऊ सेकंदांनी," डोरोथीबाई घड्याळ बघत म्हणाली. "दर वेळी. मी गणित शिकवायचे."

"फिरता पंखा," योरान म्हणाली. "वारा इकडे आला की काठ उचलतो. डोकं हललंच नाही, साहेब. मोकळी टोपी हलली."

मेंगनी व्हिडिओ पुन्हा लावला. मग पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे गुन्हेगार म्हणून न बघता, त्रासदायक माणूस म्हणून बघितलं.

"गणित सोपं होतं हो," ते म्हणाले. "चला मागे."

५

क्वाक मागच्या कामाच्या खोलीत होता. बांबूच्या तासलेल्या काड्यांच्या टोपलीसमोर बसलेला. मेंगनी टोपली उपडी केली. काड्यांखालून लाल फीत बांधलेला खोका निघाला. पुरण भरलेले तांदळाचे चिकट गोळे. सहाची जागा, पाच शिल्लक. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना देतात ते. चिकट खाल्लं की मूल पास होणाऱ्यांच्या यादीला चिकटतं, अशी समजूत.

"तू आणलेस?" मेंगनी विचारलं.

"गुरुजींनी." क्वाकचा आवाज निघाला, आणि तो चांगला भरदार होता. "काल स्वतः काठी टेकत गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी काही आणलं. सकाळी साडेआठला माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, आज तुझी परीक्षा. खा."

"मग खायचा होतास ना तू!" योरान ओरडली.

क्वाकने तिच्याकडे आश्चर्याने बघितलं. "त्यांच्या आधी?"

वडीलधाऱ्याने घास घेतल्याशिवाय धाकट्याने तोंड उघडायचं नाही. मेंगना तो नियम ठाऊक होता, योरानलाही होता.

"त्यांनाही ठाऊक होतं की मी खाणार नाही. म्हणून मला वाट मोकळी करून द्यायला त्यांनी एक तोंडात टाकला. मी पाठीवर थापा मारल्या. जोरात मारायला हात उचलेना. गुरूच्या पाठीवर जोरात कसं मारायचं? रुग्णवाहिकेचा नंबर लावला, एक-एक-नऊ. एक दाबला, दुसरा एक दाबला, तोवर त्यांचे डोळे थांबले. मग घड्याळ दिसलं. कारकून अकराला येणार होता."

"आणि पंखा लावून मान हलवलीस."

"नाही, साहेब! जमीन तापलेली होती. वास येईल म्हणून लावला. टोपी आपोआप हलायला लागली. कारकुनाने विचारलं, आणि…" तो थांबला. "मी हो म्हणालो नाही. मी फक्त नाही म्हणालो नाही."

"माझ्या बशीतली वडी?" योरानने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मी खाल्ली. साडेअकराला त्यांना सावरायला आत गेलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. हात गेला. त्यांनी सकाळी आधी खाल्लं होतं, तेव्हा मला चालत होतं." त्याने मान खाली घातली. "मिसुकताई तुझं नाव घेऊन ओरडली तेव्हा बोलायला हवं होतं. पण एकतीस वर्षं मी त्या खोलीत एकच गोष्ट खरी शिकलो गं. टोपी तर अजून नीट जमत नाही."

६

मेंग योरानला अंगणात घेऊन आले. बूट घालताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"हे बघा, बाई. मिसुकबाई चिरू देत नाहीत. म्हणजे घशात तुमची वडी होती की पुरणाचा गोळा, हे कागदावर कधीच येणार नाही. क्वाक जे बोलला ते त्याने माझ्यासमोर बोललंय, अजून सही केलेली नाही. सांगाल तशी करेल, तसलाच माणूस आहे तो. मी लिहिलं 'साडेआठ', की तुमचं कार्ड तुमच्या हातात. पण मग अकराचा होकार खोटा. वारस नाही. ही टोपी विणणारं त्या घराण्यात कोणी नाही, पुढेही नाही."

"आणि 'अकरानंतर' लिहिलंत तर?"

"तर म्हातारा वडी अडकून गेला, क्वाक राष्ट्रीय ठेवा होतो, आणि तुम्ही दुसरा धंदा बघता. खून कोणी केलेला नाही. मला दोन्ही लिहिता येतं. अक्षर सारखंच आहे."

दारात मिसुक उभी होती. सगळं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. दुपारी जिने बोट रोखलं होतं, तीच आता हात जोडून पुढे आली.

"योरान, बाबांनी त्याच्यासाठी स्वतः जाऊन आणला गं खोका. मला आयुष्यात कधी काही आणलं नाही, पण त्याच्यासाठी आणला. त्यांना हो म्हणायचंच होतं. टोपीने काय वेगळं सांगितलं? तू तरुण आहेस. चार भाषांत नोकरी मिळेल."

"सहा," योरान म्हणाली.

"मग सहा!"

योरानला आतून क्वाकचा आवाज ऐकू यावा असं वाटत होतं. एक शब्द. 'माझी चूक होती, तिचं कार्ड द्या,' एवढा. ती थांबली. चांगली थांबली, बसचा हॉर्न दोनदा वाजेपर्यंत. आतून बांबूची काडी तासल्याचाही आवाज आला नाही. तो पुन्हा गप्प बसला होता, आणि या वेळी त्याच्या गप्प बसण्यात तिचं नाव होतं.

"लिहा," ती म्हणाली. "साडेआठ."

मिसुकने अंगणाचं दार उघडून धरलं, म्हणजे जा.

कारकुनाला खात्याने ताकीद दिली आणि फॉर्ममध्ये 'तोंडाने' हा शब्द ठळक केला. वारसाच्या नोंदवहीत प्यो घराण्यापुढे एक छोटी आडवी रेघ आली. क्वाकवर मृत्यू लपवल्याचा गुन्हा नोंदला गेला. पुढे पहिल्या सुनावणीला न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय का, तेव्हा त्याने काहीच सांगितलं नाही. मिसुकने घर पेकना दिलं. मयताला योरान गेली होती. तिथे तिला कोणी बस म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही, सूप मात्र वाढलं. ते तिने उभ्याने प्यायलं.

त्या बुधवारनंतरच्या सोमवारी ऑस्ट्रेलियाहून सव्वीस जण आले. गळ्यात कार्ड लावून योरान बसमध्ये चढली. कंपनीने रात्रीच नवीन वेळापत्रक पाठवलं होतं. राजवाडा झाल्यावर तिने माईक घेतला.

"काही कारणाने टोपी विणणाऱ्या कारागिराची भेट रद्द झाली आहे," ती म्हणाली. "त्याबद्दल क्षमस्व. त्याऐवजी खरेदीला तुम्हाला चाळीस मिनिटं जास्त मिळतील."

बसमध्ये टाळ्या वाजल्या. मागच्या सीटवरून कोणीतरी शिट्टीही मारली.